प्रमोशन हुकलं, राजीनामा फेकला, कंपनी काढली... थांबा, एवढं सरळ नव्हतं ते

गेल्या अप्रेझलनंतर आमच्या टीममधला एक पोरगा, असेल एकोणतीस-तीसचा, टपरीवर चहाचा ग्लास हातात धरून मला म्हणाला, दादा मी पेपर टाकतोय. त्याला डावलून दुसऱ्याला लीड केलं होतं आणि खरं सांगायचं तर अन्यायच झाला होता, काम बघितलं तर त्यालाच मिळायला हवं होतं. मी म्हटलं पुढं काय, तर म्हणे बघू, स्वतःचं काहीतरी, किर्लोस्करांनी नाही का, प्रमोशन दिलं नाही म्हणून नोकरीला लाथ मारली आणि एवढी मोठी कंपनी उभी केली. व्हॉट्सॲपवर कुणीतरी चार ओळी पाठवल्या होत्या, खाली हात जोडलेला इमोजी.

आता मी मूळचा तासगाव बाजूचा. पुण्याहून मिरजेच्या गाडीत बसलं की ताकारी गेल्यावर किर्लोस्करवाडी येते, मग भिलवडी, म्हणजे ही गोष्ट आम्ही अशी खिडकीतून बघत मोठे झालोय. आणि फॉरवर्डमध्ये सांगतात तशी ती नाहीये. प्रमोशन आणि राजीनामा दोन्ही खरंय, पण ते सगळ्या प्रकरणात एका दिवसाचं काम आहे, त्याच्या आधीची नऊ वर्षं आणि नंतरची तेरा-चौदा वर्षं कुणी सांगतच नाही. त्या पोराला टपरीवर तुकड्या-तुकड्यात सांगितलं, इथं सलग लिहितो.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर, जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. शाळेच्या अभ्यासात जीव रमेना, चित्रकलेत रमायचा, म्हणून मुंबईला जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथं कळलं की यांना काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकार व्हायला निघालेला पोरगा आणि रंगांधळा, विचार करा. आपल्यापैकी कुणी असतं तर एकतर घरी परत आलं असतं नाहीतर कसंतरी ओढत नेलं असतं. यांनी काय केलं तर चित्रकलेतला रंग तेवढा टाकून दिला आणि रेघ ठेवली. यंत्रांची ड्रॉइंग. त्यात लाल-हिरव्याचा संबंधच नाही, माप आणि रेघ. त्यावर मुंबईच्या व्हीजेटीआय या तंत्रशिक्षणाच्या संस्थेत, तेव्हा ती भायखळ्याला होती, मेकॅनिकल ड्रॉइंग शिकवायची नोकरी मिळाली. माझ्या मते यांचा पहिला मोठा करिअर डिसिजन हा आहे, राजीनामा नाही. आपल्याला काय जमत नाही हे विशीच्या आत कळणं आणि त्याच खोलीतल्या दुसऱ्या दारानं बाहेर पडणं, हे भल्याभल्यांना चाळिशीतसुद्धा जमत नाही (मी स्वतः चव्वेचाळीसचा आहे, जाऊद्या).

आता सायकल. किर्लोस्कर ग्रुप आपली सुरुवात १८८८ पासून मोजतो आणि ती सुरुवात म्हणजे बेळगावातलं सायकलचं दुकान. लक्ष्मणराव मुंबईत नोकरी करत होते, थोरले भाऊ रामूअण्णा बेळगावात होते, हे मुंबईहून सायकली घेऊन पाठवायचे आणि रामूअण्णा त्या विकायचे, नुसत्या विकायचे नाहीत तर गिऱ्हाईकाला चालवायला पण शिकवायचे, कारण त्या वेळी सायकल ही चैनीची वस्तू आणि ती येत कुणाला होती. दोघं भाऊ म्हणून नाव किर्लोस्कर ब्रदर्स.

म्हणजे गंमत बघा, जिथं शिकवणं आल्याशिवाय विक्री होत नाही असा धंदा या माणसानं पगार चालू असताना करून बघितला. पगार मुंबईत, दुकान बेळगावात, आणि भरवशाचा माणूस दुकानात.

मग १८९७. व्हीजेटीआयमध्ये वरची जागा रिकामी झाली, हक्काने यांची होती, ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली आणि यांनी नोकरी सोडली. अपमान झाला असणारच, त्या काळात गोऱ्या कातडीच्या जवळचा असला की पुढं, हे रोजचंच होतं, आणि हजारो लोक गिळून बसत होते. हे बसले नाहीत, त्याचं कौतुक आहेच. पण सोडताना बेळगावात चालतं दुकान होतं, नऊ वर्षांचं. पोराला मी तेच विचारलं, तुझा रामूअण्णा कोण? तो हसला, म्हणाला माझा भाऊ तर माझ्याकडूनच पैसे नेतो.

बेळगावात आल्यावर छोटं वर्कशॉप टाकलं आणि पहिलं यंत्र बनवलं ते कडबा कापायचं. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. कडबा कापणं हे रोजचं किचकट काम, कोयत्याने कापलं तर वेळ जातो, बोट जातं, आणि अख्खा कडबा टाकला तर जनावर पानं खातं आणि धाटं तुडवतं. यंत्रात कापला तर सगळा पोटात जातो, वैरण वाचते, संध्याकाळी डोळ्यांनी दिसतं. शिवाय बिघडलं तरी पीक जात नाही, विळा-कोयता आहेच घरात. म्हणजे गिऱ्हाईकाच्या बाजूने रिस्क जवळजवळ नाही.

त्यानंतर लोखंडी नांगर, आणि इथं गाडी अडकली.

नांगर तयार झाला, चांगला झाला, आणि दोन वर्षं एकही खपला नाही. शेतकरी म्हणायचे लोखंडानं जमीन विषारी होते, नापीक होते. ही गोष्ट जिथं जिथं सांगतात तिथं या वाक्यावर लोक हसतात, अडाणी शेतकरी आणि द्रष्टा उद्योजक, असा सीन. मला हे हसणं अजिबात पटत नाही आणि या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग इथंच दाबला जातो असं मला वाटतं, म्हणून जरा सविस्तर.

माझ्या आज्यानं दोन्ही नांगर वापरलेले. लाकडी नांगर म्हणजे बाभळीचा, गावातल्या सुताराने केलेला, पुढं तेवढा लोखंडी फाळ. तो जमीन चिरत जातो, पालथी करत नाही. एका बैलजोडीला ओढतो. मोडला तर सुतार दुरुस्त करून देणार, आणि सुताराला रोख काहीच द्यायचं नाही, खळ्यावर धान्य, बलुतं. आता लोखंडी नांगर काय मागतो ते बघा. पहिलं म्हणजे रोख पैसे, आणि रोख पैसा शेतकऱ्याकडं सावकार सोडून कुठून येणार. दुसरं, तो खोल जातो, मागच्या वळणदार पानाने माती कापून पालथी टाकतो, म्हणून एक जोडी पुरत नाही, काळ्या रानात दोन जोड्या, कधी तीन लागायच्या, आज्याकडं एकच, मग शेजाऱ्याशी पैरा करायचा, आज तुझ्या रानात उद्या माझ्या. तिसरं, त्यातले ओतीव भाग तुटले तर गावातला लोहार काही करू शकत नाही, ओतीव लोखंड ठोकून सांधत नाही, तडकतं. म्हणजे ऐन नांगरटीत भाग तुटला तर माणूस बेळगावला जाणार? आणि चौथं, खालची माती वर येते, मोठाली ढेकळं निघतात, पहिल्या उन्हाळ्यात ते रान बघवत नाही, माझी आजी म्हणायची रानाचं मढं उकरल्यासारखं दिसायचं.

एवढं सगळं एका वाक्यात बसवायचं तर शेतकरी काय म्हणेल? लोखंडानं जमीन बिघडते. तो अंधश्रद्धाळू नव्हता, तो हिशोब मांडत होता, फक्त एक्सेल शीटमध्ये नाही. एक हंगाम चुकला तर त्याच्या घरात वर्षभर काय शिजणार हा प्रश्न होता, आणि समोरच्या कारखानदाराचं तसं काही जात नव्हतं. किर्लोस्करांचा खरा कॉम्पिटिटर विलायती नांगर कंपनी नव्हतीच, तो गावातला सुतार होता. जो उधारीवर, घरपोच, आयुष्यभर सर्व्हिस देत होता.

म्हणून दोन वर्षं टिकून राहिले हे नुसतं धैर्य म्हणून सांगितलं की मला अर्धवट वाटतं. धैर्य असलेले पुष्कळ बुडालेत. इथं पोटापाण्याला कडबा कापायची यंत्रं चालू होती, दुसरी कामं चालू होती, एकाच वस्तूवर सगळं लावलेलं नव्हतं, म्हणून नांगराला वाट बघता आली. आणि नांगरात खरंच जीव होता. काळ्या रानातली हराळी आणि कुंदा हे तण लाकडी नांगराला दाद देत नाही, मुळं खोल, वरून चिरलं की परत फुटतं. लोखंडी नांगराने ती मुळं उलथून वर येतात आणि एप्रिल-मेच्या उन्हात वाळून जातात. पण हे सांगून पटत नाही, जाहिरातीत कितीही लिहा. कुणाच्या तरी रानात एक साल ते दिसावं लागतं, मग बांधावरून शेजारी बघतो, बोलत काही नाही, पुढच्या साली विचारायला येतो कितीला घेतला म्हणून. आमच्याकडं ठिबकसुद्धा असंच आलं, बांधाबांधाने.

धंदा जरा रांगेला लागतोय तोवर दुसरा दणका. बेळगावच्या म्युनिसिपालिटीने वर्कशॉपची जागा खाली करायला सांगितली, तिथं नवी वस्ती वसवायची होती. मशिनरी आहे, माणसं आहेत, ऑर्डरी आहेत आणि जागा नाही. वय चाळिशी पार. अशा वेळी आपण बँकेकडं बघतो, तेव्हा बँक असल्या माणसाला दारात उभं करत नव्हती.

इथं औंधचे (पुण्यातलं नाही, साताऱ्याकडचं औंध संस्थान) राजे येतात, बाळासाहेब पंतप्रतिनिधी. लक्ष्मणरावांनी त्यांचं बांधकामाचं एक काम घेतलं होतं, त्यातून ओळख. राजे स्वतः चित्रकार, आणि हे रंग दिसत नाहीत म्हणून चित्रकला सोडलेले, दोघांच्या गप्पा काय रंगल्या असतील मला नेहमी वाटतं. राजांनी सांगितलं माझ्या संस्थानात हवी ती जागा घ्या. कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर दिली आणि वर १० हजार रुपये बिनव्याजी.

ऐकायला लॉटरी वाटते. पण जागा कसली होती तर माळरान, निवडुंग आणि साप. पाण्याची बोंब. त्या जागेत एकच गोष्ट सोन्यासारखी होती, शेजारून जाणारी पुणे-मिरज रेल्वे. कच्चं लोखंड, कोळसा, तयार नांगर, सगळं वजनदार सामान, बैलगाडीने नेलं तर भाड्यातच नफा संपणार. माळ साफ करता येतो, रेल्वे उचलून आणता येत नाही. १९१० साली पंचवीसेक कामगार आणि त्यांची बायकामुलं घेऊन हे तिथं गेले, आधी निवडुंग तोडला, मग शेड. पुढं स्टेशनचं नावसुद्धा किर्लोस्करवाडी झालं.

(राजाश्रयाची गोष्ट आपण फार सहज सांगतो, पण तेव्हा अशी हाक किती जणांना मिळत होती? कुळ, ओळख, दरबारात उभं राहता येणं हे सगळं भांडवलच आहे आणि ते लक्ष्मणरावांकडं होतं. हे म्हटलं की काही लोकांना राग येतो. येऊदे.)

आणि आता माणसं. माझ्या लेखी हाच भाग सगळ्यात भारी आहे. ज्याला स्वतःला गुणावर नाही तर गोत्रावर डावललं गेलं, त्याने माणसं कशी निवडली? अनंतराव फळणीकर, शाळेतून गळालेले, पण डोक्याने अफाट, त्यांना इंजिनिअर केलं. शंभुराव जांभेकर, हे आधी फायरमन होते, ते इथं इंजिनिअर. मंगेशराव रेगे हिशोब आणि ऑफिस. रामूअण्णा परत आले, अख्खी वसाहत त्यांच्या ताब्यात, घरं, रस्ते, पाणी. म्हणजे सायकल शिकवणारा माणूस आता गाव चालवतोय. आणि रात्रीच्या राखणीला कोण, तर तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, दरोड्याची शिक्षा भोगून आलेले. ज्यांच्यापासून राखायचं त्यांच्याच हातात राखण.

हे आजच्या एचआरला सांगून बघा. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्येच फाइल बंद. पण मला यात नुसता दयाळूपणा दिसत नाही, त्या माळावर कोण येणार होतं? मुंबईचा शिकलेला इंजिनिअर निवडुंगात राहायला येणार होता का? जे येतील त्यांच्यातूनच कारखाना करायचा होता, आणि यांनी माणसाचा कागद न बघता हात बघितला. गरज आणि स्वभाव दोन्ही जुळले असणार. वसाहतीत शिवाशिव पाळायची नाही हे पण ठरवलेलं, १९१० च्या आसपास, जेव्हा आमच्या गावात पाणवठे वेगळे होते. योगायोग बघा, याच औंध संस्थानात पुढं १९३९ मध्ये स्वतंत्रपूर झालं, आटपाडीजवळ, कैद्यांची भिंत नसलेली वसाहत. कुणी कुणाकडून घेतलं हे मी म्हणत नाही, पण हवा त्या भागातली तशी होती.

पहिलं महायुद्ध आलं तेव्हा विलायती माल येणं अवघड झालं, म्हणजे एका बाजूने बाजार मोकळा आणि दुसऱ्या बाजूने लोखंड-कोळशाचीच टंचाई. आमच्याकडं म्हातारी माणसं सांगतात की कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर केले. तोफेचा नांगर, ऐकायला इतकं छान आहे की भाषणात प्रत्येक जण वापरतो.

१९२० ला किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड झाली आणि त्याच साली पुतणे शंकरराव, म्हणजे शं. वा. किर्लोस्कर, यांनी किर्लोस्कर खबर नावाचं पत्रक काढलं. नांगर कसा वापरायचा, कुणाला काय फायदा झाला, असलं. ते वाढत वाढत किर्लोस्कर मासिक झालं, पुढं १९३० ला स्त्री, १९३४ ला मनोहर. आज याला कंटेंट मार्केटिंग म्हणतात आणि त्यावर कोर्स विकतात. नांगराच्या पत्रकातून सुरुवात होऊन मराठी मध्यमवर्गाच्या घरात बायकांनी काय वाचावं इथपर्यंत गेलेली दुसरी कंपनी मला तरी माहीत नाही. पण मूळ बघितलं तर तीच रामूअण्णांची सायकल, आधी शिकव मग विक. १९२६ पर्यंत पंप आणि इंजिनं पण आली, त्याच साली मुलगा शंतनुराव अमेरिकेतून एमआयटी करून परतला, आणि मग मोटेची जागा इंजिनाने घेतली ती गोष्ट वेगळी आहे, मोठी आहे, इथं नको. लक्ष्मणराव १९५६ मध्ये गेले.

तर आता हिशोब लावा. १८८८ ला दुकान, १८९७ ला राजीनामा, १९१० ला वाडी. बावीस वर्षांत एक दिवस राजीनाम्याचा आणि बाकी सगळे सायकली पोचवण्याचे, कडबा कापायचे, न खपलेल्या नांगराकडं बघत बसण्याचे. फॉरवर्डमध्ये तो एक दिवस आलाय.

पोरगा सगळं ऐकून म्हणाला, म्हणजे दादा तुम्ही म्हणताय सोडू नको. मी म्हटलं मी असं कुठं म्हटलं, मी पण दोन हजार अकराला असंच डोकं फिरवून एक नोकरी सोडली होती आणि आठ महिने बायकोच्या पगारावर काढले, माझं ऐकायची तुला काही गरज नाही. मग त्याने विचारलं की त्या नांगरवाल्यांना दोन वर्षं रोज काय वाटत असेल. याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. त्याने अजून पेपर टाकलेला नाही, पण शनिवार-रविवारी नारायणगावच्या एका मित्राकडं जातो, टोमॅटोच्या क्रेटचं काहीतरी चाललंय त्यांचं.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा गोठ्यामागं आज्याचा लोखंडी नांगर बघितला, भिंतीला टेकवलेला, वर कोंबड्या बसतात. त्याच्यावर कंपनीची ओतीव अक्षरं होती, ती पार घासून गेलीत, बोट फिरवलं तर एक उभी रेघ लागते, क आहे की दुसरं काही सांगता येत नाही. चुलता म्हणाला याचा फाळ आज्यानं चारदा बदलला, दोन बोल्ट काढले की फाळ हातात, मार्केटच्या दिवशी तासगावातनं नवा आणायचा आणि दुपारी परत औत चालू. मागच्या वर्षी भंगारवाला साडेसातशे देत होता. चुलत्यानं दिला नाही, म्हणाला बोल्ट अजून फिरतात.